संशयास्पद हालचाल

बाचीत आमच्या घरात
माझा फोन दोन राज्यांत राहतो.
उशीच्या डावीकडं ठेवला तर बेळगावचा टॉवर,
उजवीकडं सरकला की शिनोळीचा.
झोपेत कूस बदलत
मी रात्रीतनं दहा-बारा वेळा सीमा ओलांडतो.
कोण अडवत नाही, कोण घोषणा देत नाही,
मेसेज तेवढे येत राहतात, स्वागत आहे, स्वागत आहे.

खरं खेळानं अडवलं.
दुसरी पाळी करून आलेलो,
हाताला अजून कूलंटचा वास,
किल्ला उघडायला गेलो तर लाल पट्टी :
आपल्या खात्यावर संशयास्पद हालचाल आढळली आहे.
एकाच तासात दोन ठिकाणांहून प्रवेश.
आपण खरोखर आपणच आहात का?

आता रात्री साडेबाराला हे काय विचारायचं झालं.

एकसष्टावी पातळी. तीन वर्षांचं बांधकाम.
चार बुरूज, एक तळं, सतराशे मेंढरं,
तळ्याच्या काठावर एक चिंच,
ती कशाच्याच उपयोगाची नाही,
पाडली तर पन्नास नाणी मिळतात.
मी पाडली नाही.

मदत हवी असल्यास इथे दाबा.
दाबलं.
आधी यंत्र आलं, नाव म्हणे मीरा.
मी लिहिलं, किल्ला बंद पडलाय.
ती म्हणाली, छान! नाण्यांवर आज वीस टक्के सूट.
मी लिहिलं, माणूस द्या.
रांगेत आपला क्रमांक दोनशे चौदा.

आईनं रताळी उकडली होती, ती सोलली.
एकशे नव्वद.
मीठ लावून खाल्ली. ताट धुतलं.
एकशे बावन्न.
गवळ्याची मोटारसायकल गेली तेव्हा
डेनिस नावाचा माणूस आला
आणि म्हणाला, शुभ संध्याकाळ.

राहता कुठं?
कर्नाटकात.
मग महाराष्ट्रातून कोण खेळत होतं?
मीच.
त्या वेळी आपण प्रवासात होता का?
झोपलो होतो की.
बराच वेळ तीन ठिपके हलत राहिले.
आपल्या उत्तरांत विसंगती आहे, असं आलं.

कागद मागितले, पाठवले.
रेशन कार्डावर भरमाण्णा, कानडीत.
कारखान्याच्या पासावर भरमू.
बँकेत भरमाणी, शाळेच्या दाखल्यावर ब्रह्मानंद,
ते गुरुजींना सुचलं होतं.
डेनिस, हे चौघं एकाच ताटात जेवतात,
कणबरकरच सगळे, नागोजीचेच.
त्यानं लिहिलं, आपली भावना आम्ही समजतो.

मग सुरक्षा प्रश्न. जन्मगाव कोणतं?
तीन वर्षांपूर्वी आपणच भरलेलं उत्तर लिहा.
संधी तीन.
मी साहेबाच्या काळातलं स्पेलिंग टाकलं. चूक.
सरकारी पाटीवरचं नवं टाकलं. चूक.
आपलं म्हणतो ते टाकायला अंगठा नेला
तर चुलीपाशी आई म्हणाली,
बेळगाव कुठलं रे,
सिव्हिलला पोचायच्या आतच झालास तू,
तुरमुरीच्या वळणावर, ट्रॅक्टरात.
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं
का सांगितलं होतं आणि मी ते तिथं भरलं होतं?

अंगठा तसाच.
वेळ संपली. डेनिस गेला.
आमची सेवा कशी वाटली? तारे द्या.
मी तीन दिले, त्याचीही पाळी रात्रीचीच असणार.

उजाडता उजाडता गोकाकच्या बसलिंगचा मेसेज.
त्याला मी कधी बघितलेलं नाही,
किल्ल्याला किल्ला लागून एवढीच ओळख.
माझ्या वेशीवर त्यानं शंभर तिरंदाज बसवलेत,
स्वतःच्या खर्चानं.
फोटो पाठवला होता, तळ्याचा.
खाली लिहिलं होतं,
हुणसी गिड ऐति. चिंती माडब्याड.

फोटो मोठा करून बघितला. चिंच होती.
मेंढरं मोजायला लागलो,
चाळीसपर्यंत आलो असेन,
वरनं पट्टी उतरली, स्वागत आहे,
कुठं ते वाचलं नाही.